तासभर लूम थांबले

घरी केक करून विकणाऱ्या बाईला लोक हमखास विचारतात, केक फुगतो कशाने? माझं उत्तर ठरलेलं होतं: भिवंडीत केक शुक्रवारी फुगतो. ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटे. भिवंडीबाहेरच्या वाचकांसाठी आधी ते समजावून सांगते.

आमचं घर भिवंडीतल्या कामतघरला, पुढेमागे लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेड. लूम सुरू असले की आमच्या विजेचा जीव जाई. माझा ओव्हन म्हणजे काचेची खिडकी असलेला गोल ॲल्युमिनियमचा डबा, प्लगला लावायचा. त्याला तापमानाचं बटण नव्हतं. स्टॅबिलायझरवरचा काटा एकशे साठ व्होल्टच्या पुढे सरकत नसे, मग ओव्हन तापणार कसा? शुक्रवारी लूमना सुट्टी. त्या दिवशी काटा दोनशे वीसवर जाई आणि इतर वारी सव्वा तास घेणारा केक पन्नास मिनिटांत उभा राही. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक केकपुढे तीन रकाने होते: वार, व्होल्टेज, वेळ. आमचे हे नगरपालिकेत कारकून. ते म्हणत, "आमच्या ऑफिसात इतकी नोंद असती तर पाणी वेळेवर आलं असतं."

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी हे काम सुरू केलं ते घरी केकचे क्लास घेण्यापासून. नंतर ऑर्डरी वाढल्या. गिऱ्हाइकं दोन प्रकारची, अंडं चालणारी आणि अंड्याचं नाव काढलं तरी अंघोळ करणारी. दुसरी जास्त, कारण कापडाचे मारवाडी-गुजराती व्यापारी आमच्याच बाजूला राहत. त्यामुळे माझ्याकडे भांड्यांचे दोन संच होते. अंड्याच्या संचाला लाल सुताचा दोरा, बिनअंड्याच्या संचाला हिरवा. सूत काय, अंगण झाडलं तरी मिळे. चमचे वेगळे, चाळण्या वेगळ्या, पुसायची फडकीसुद्धा वेगळी. कोणी अचानक स्वयंपाकघरात येऊन तपासलं असतं तरी मला भीती नव्हती. तसं एक शेठाणीबाई खरंच तपासायच्या. ऑर्डर द्यायला आल्या की आधी केराच्या डब्यात डोकावून अंड्याची टरफलं आहेत का ते बघायच्या. मी टरफलं आदल्या दिवशीच टाकलेली असत.

बिनअंड्याच्या केकला मी दही वापरी, कधी आटवलेलं दूध. दूध, दही, लोणी यांच्या जोरावर तो केक उभा असतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमच्या गल्लीच्या टोकाला रशीदभाईंची शेड होती, बारा लूमची. कोकणी मुसलमान, भिवंडीत पिढ्यानपिढ्या राहिलेलं घर, वय पंचेचाळीसच्या आसपास. एका सकाळी ते माझ्या दारात आले. चप्पल काढून आत बसले आणि बराच वेळ माझ्या फळांच्या बरण्यांकडे बघत राहिले.

"ताई, एक केक पाहिजे. दोन किलोचा. अंडं नको."

"बरं. हिरव्या दोऱ्यातला. कधी?"

"दूधपण नको. दही, लोणी, तूप, काय म्हणजे काय नको. होतो असा?"

"कोणासाठी?"

"परचुरे बाईंसाठी."

परचुरे बाईंना गल्लीतच काय, अर्ध्या गावात सगळे ओळखत. हायस्कुलात पस्तीस वर्षं त्यांनी मराठी शिकवलं, रशीदभाईही त्यांचेच विद्यार्थी. लग्न केलं नाही, एकट्या राहत. पंधरवड्याने, बुधवारी, त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि जुन्या विद्यार्थ्यांनी रशीदभाईंच्या घरी छोटा कार्यक्रम ठरवला होता.

"बाई दूध घेत नाहीत?" मी विचारलं. मला हे माहीत नव्हतं.

"मलाच गेल्या महिन्यात कळलं. बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मी हॉस्पिटलात होतो. नर्सने चहा आणला. बाई बोलल्या, बाळ, बिनदुधाचा दे, मी काशीला दूध सोडलंय. सदतीस वर्षं झाली म्हणे."

आपल्याकडे काशीला जाणारा माणूस आवडीची एक वस्तू तिथे सोडून येतो, हे वाचकांना माहीत असेल. बहुतेक लोक धोरणाने सोडतात. माझ्या मोठ्या जावेने कारलं सोडलं होतं. परचुरे बाई वडिलांच्या अस्थी घेऊन गेल्या, भाऊ नव्हता म्हणून एकट्या गेल्या, आणि दूध सोडून आल्या. दूध म्हणजे त्यातून होणारं सगळं. चहापासून पेढ्यापर्यंत आणि साध्या वरणावरच्या तुपापर्यंत. सदतीस वर्षांत किती वेळा समोर आलं असेल, याचा मी मनात हिशेब करायला घेतला आणि सोडून दिला.

रशीदभाई उठले नाहीत. त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"ताई, आमचं घर तेव्हा बाईंच्या घरासमोर होतं. दर ईदेला अम्मी शीरखुर्म्याचा कटोरा भरून द्यायची, मी नेऊन द्यायचो. बाई घ्यायच्या, पाठीवर हात ठेवायच्या. आणि मग मी आमच्या खिडकीतून बघायचो. शेजारच्या कुलकर्ण्यांच्या पोरांना बोलवून सगळा वाटून टाकायच्या. एक चमचा तोंडात घालायच्या नाहीत. मी अम्मीला सांगितलं. अम्मी बोलली, असू दे, ती बामणाची आहे, आपल्या घरचं कसं खाईल. तरी दर वर्षी पाठवत राहिली. मरेपर्यंत पाठवला."

"पण आता तुम्हाला कारण कळलं ना?"

"दुधाचं कारण कळलं. पण दूध नसलेली चीज आम्ही कधी दिलीच नाही. मग मला कसं कळणार, की बाई दूध खात नव्हत्या का आमचं खात नव्हत्या?" ते बरणीवरचं झाकण फिरवत होते. "त्या दिवशी माझ्या घरात, माझ्या बायकोच्या हातून, बाईंसमोर केक ठेवायचा आहे. खाल्ला तर खाल्ला. नाही खाल्ला तरी मला एकदाचं कळेल."

मी आगाऊ पैसे घेत असे, त्या दिवशी विचारायला विसरले.

आता केकचं सांगते. केकमध्ये अंडं पीठ बांधून ठेवतं आणि फुगवतं, दूध ओलावा देतं, लोणी मऊपणा. हे तीन कामगार एकदम रजेवर गेले तर शेड चालवायची कशी, असा प्रश्न होता. लोण्याच्या जागी गोडं तेल घेतलं. ओलाव्यासाठी संत्र्याचा रस. बांधून ठेवायला बिया काढलेला खजूर पाण्यात शिजवून, गाळून त्याचा लगदा. फुगण्यासाठी खायचा सोडा आणि व्हिनेगर. प्रयोगही मी शुक्रवारीच केले. पहिला खलबत्त्यात कुटावा लागला. दुसरा फुगला, पण काजू, अक्रोड आणि सगळी फळं तळाला जाऊन बसली. फळं मैद्यात घोळवून घालायची, हे मी क्लासमध्ये शंभर बायकांना शिकवलं होतं आणि घाईत स्वतः विसरले होते.

फळं माझी घरचीच. बाजारात केकवर चेरी म्हणून जी लालबुंद गोळी मिळते ती बहुतेकदा करवंद असतं, हे सांगितल्यावर लोकांचा चेहरा पडतो. मे महिन्यात जवळच्या शेलार गावातल्या बायका टोपलीने करवंदं आणत. ती चुन्याच्या निवळीत ठेवायची, बिया काढायच्या, मग पाच दिवस रोज थोडा थोडा पाक घट्ट करत मुरवायची. कच्च्या पपईची टुटीफ्रुटी तशीच, संत्र्याची साल तशीच. पाक एकदम घट्ट केला तर फळ सुरकुतून चामडं होतं. हळूहळू केला तर ते काचेसारखं पारदर्शक होतं, उजेडात धरलं की आरपार दिसतं. हे काम मी वीस वर्षं केलं आणि पाचव्या दिवशी फळ उजेडात धरायला मला प्रत्येक वेळी तितकीच उत्सुकता असे.

तिसरा केक जमला. व्हिनेगर पडताच सगळं मिश्रण फेसाळून जिवंत झाल्यासारखं वर आलं. अशा वेळी अर्ध्या मिनिटात भांडं ओव्हनमध्ये गेलं पाहिजे आणि ओव्हन कडक तापलेला पाहिजे, नाहीतर सगळा वारा निघून जातो. अंड्याचा केक थोडी वाट बघतो, हा बघत नाही. काचेतून मी बघत राहिले. अंडं नाही, दुधाचा थेंब नाही, आणि तरी तो भांड्याच्या काठाच्या वर येऊन मधोमध तडकला, अगदी जसा तडकावा तसा. मी ह्यांना हाक मारली. ते चष्मा लावून आले, बघितलं आणि म्हणाले, "हा कशाच्या आधारावर उभा आहे?" मलाही तेच विचारायचं होतं.

बुधवारचा केक मी आधीच्या शुक्रवारी भाजला. सुक्या फळांचा केक चार-पाच दिवस मुरला की चांगला लागतो. सुरेख झाला. फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला.

बुधवारी सकाळी एका कार्डावर त्यातल्या जिनसा लिहायला बसले. बाई विचारणारच, तेव्हा त्यांच्या हातात यादी असावी असं माझ्या मनात होतं. मी जिनसा नेहमी करण्याच्या क्रमाने लिहिते, म्हणजे काही सुटत नाही. म्हणून पहिली ओळ लिहिली: भांड्याला आतून. आणि पेन थांबलं.

भांड्याला आतून मी काय लावलं होतं? बटरच्या पुड्याचा आतला कागद मी कधी फेकत नसे. त्याला चिकटलेलं बटर भांडं पुसायला पुरतं. ते कागद घडी करून खिडकीच्या फळीवर ठेवलेले असत. शुक्रवारी हिरव्या दोऱ्याचं भांडं घेतलं, हात आपोआप फळीकडे गेला, कागद फिरवला, वर मैदा भुरभुरवला. वर्षानुवर्षांची सवय. माझी सगळी व्यवस्था अंड्यासाठी होती. दुधासाठी माझ्याकडे कुठल्याही रंगाचा दोरा नव्हता.

ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, कागदाला असं कितीसं लोणी असतं? बाहेरची कड कापून टाक. कोणाला कळणार आहे?"

मला वाईट याचं वाटलं की कड कापायची सुरी मी आधीच हातात घेतली होती. ती खाली ठेवली आणि रशीदभाईंच्या शेडवर गेले. लूमच्या खडखडाटात बोलता येईना, म्हणून ते मला बाहेर घेऊन आले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"म्हणूनच सांगितलं. बाईंचा नेम माझ्या हातून मोडला असता आणि त्यांना पत्ताही लागला नसता."

"दुसरा होईल? संध्याकाळी सहाला बाई येणार."

"फळं भिजवलेली आहेत, मी नेहमी जास्त भिजवते. पण आज बुधवार. ओव्हन तापणार नाही आणि हा केक खाली बसेल. कुकरमध्ये वाळू घालून दोन किलोचा होत नाही, बाजू करपते. बेकरीच्या भट्टीत न्यावा तर तिथे प्रत्येक पत्र्याला तूप आणि अंडं."

"शुक्रवारसारखी लाइट किती वेळ पाहिजे?"

"ओव्हन तापायला दहा मिनिटं, केकला पन्नास."

"दोन वाजता भांडं तयार ठेवा," ते म्हणाले आणि गल्लीत निघून गेले.

काय करणार ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या डीपीवर, म्हणजे आमच्या ट्रान्सफॉर्मरवर, त्यांच्याशिवाय अकरा शेड होत्या. मी घरी येऊन भांडं साबणाने तीन वेळा घासलं, गरम पाण्याने काढलं, तेल लावलं. बटरचे कागद चुलीत घातले. खजूर शिजवला, रस काढला, फळं मैद्यात घोळवली. पावणेदोनला दारात आले तर समोरच्या शेडचे पाटीलशेठ, आगरी समाजातले, लुंगी सावरत रशीदभाईंशी बोलताना ऐकू आले.

"अरे पन एक तास? व्यापाऱ्याचा माल हाय उद्याला."

"पाटील, तुला पाचवीत बाईंनी किती वेळा बाकावर उभा केला ते सांगू का सगळ्यांना?"

"त्ये नको सांगू. न्हाय म्हनलंय का मी? बाई माझ्यापन व्हत्या. बंद करतो. कारागिरांना चहा पाज तू पन."

दोनला पाच मिनिटं कमी असताना पहिली शेड थांबली. मग दुसरी. आवाज एकदम बंद पडला नाही. गल्लीच्या टोकाकडून एक एक थर निघत गेला आणि शेवटी पाटीलशेठची शेड थांबली, तेव्हा मला स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब ऐकू आला. लग्न होऊन या घरात आल्यापासून कामाच्या दिवशी तो थेंब मी कधी ऐकला नव्हता. डोक्यावरचा तांबूस बल्ब पांढरा झाला. काटा दोनशे वीसवर जाऊन उभा राहिला.

शुक्रवारीही शांतता असते. पण ती सुट्टीची. ही माणसांनी हाताने आणली होती. बारा शेडमधल्या कोणी कोणी ती आणली याची यादी नंतर मी रशीदभाईंकडून करून घेतली. मुसलमान, आगरी, दोन तेलुगू, एक मारवाडी. बाराजणांपैकी नऊ बाईंचे विद्यार्थी निघाले. उरलेल्या तिघांनी का थांबवली हे मी विचारलं, तर रशीदभाई म्हणाले, "त्यांची पोरं शिकली बाईंकडे."

उत्तर प्रदेशातले कारागीर बनियनवर बाहेर येऊन उभे राहिले. खिडकीतून मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"लाइट तो है. फिर बंद काहे?"

"केक पक रहा है."

"किसका?"

"मास्टरनी का."

"तो मास्टरनी ने सबको पढ़ाया, हमको भी एक टुकड़ा मिलेगा?"

ओव्हन तापताच मी व्हिनेगर ओतलं, फेस आला, भांडं आत गेलं. पन्नास मिनिटं मी ओव्हनसमोरून हलले नाही. एरवी त्या वेळात मी भांडी घासते, पुढच्या ऑर्डरीची तयारी करते. त्या दिवशी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. बाहेर चाळीसएक माणसं उभी होती आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मोठ्या आवाजाने केक बसतो असा त्यांचा काही समज झाला असावा. तो वर आला, तडकला, कडेने भांडं सोडू लागला. विणायची सुई घालून बघितली, कोरडी निघाली. मी दारात जाऊन रशीदभाईंना मान हलवून खूण केली आणि एकेक लूम पुन्हा सुरू झाला. शुक्रवारचा बटर लागलेला केक कापून मी सगळ्या कारागिरांना वाटला.

संध्याकाळी सहाला परचुरे बाई आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, सुती पातळ, हातात स्वतःची पाण्याची बाटली. ती बाटली बघून रशीदभाईंनी माझ्याकडे बघितलं. पाणीसुद्धा स्वतःचं, मग केक?

भाषण एकच झालं, पाटीलशेठचं, तेही तीन वाक्यांचं. मग रशीदभाईंच्या पत्नी शमीमभाभींनी केक बाईंसमोर ठेवला. बाईंनी कापला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि भाभींनी पहिला तुकडा बशीत घालून पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही.

"यात काय काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी कार्ड पुढे केलं. चष्म्यामुळे त्यांना वाचता येईना. "तूच वाच," त्या म्हणाल्या. मी पहिल्या ओळीपासून वाचलं. भांड्याला आतून तेल. मैदा, साखर, गोडं तेल, खजूर, संत्र्याचा रस, सोडा, व्हिनेगर, काजू, अक्रोड, करवंदं, पपई, संत्र्याची साल. बाई वर्गात पाठांतर ऐकावं तशा ऐकत होत्या.

"म्हणजे हा मुद्दाम केला," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी."

"हो बाई."

त्यांनी बशी घेतली. पहिला घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला. संपूर्ण तुकडा त्यांनी सावकाश खाल्ला आणि बशीत राहिलेले कण बोटाने टिपले. मग भाभींपुढे बशी धरून म्हणाल्या, "अजून एक दे. जाड दे. आणि पाणीही तुझ्याकडचंच दे. बाटलीतलं डॉक्टरांचं आहे, औषधाच्या वेळी लागतं."

रशीदभाई भिंतीला टेकून उभे होते. ते एकदम म्हणाले, "बाई, अम्मीला वाटायचं तुम्ही आमच्या घरचं खात नाही."

बाईंनी चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा अजून लाल होता.

"शीरखुर्मा," त्या म्हणाल्या.

"हो. तुम्ही वाटून टाकायचात. मी बघायचो."

"दूध सोडलंय हे कोणाला सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं रे. सांगितलं की लोक वेगळं करत बसतात. तुझ्या आईला पाच मुलं, वर शेडवरच्या माणसांचा स्वयंपाक. तिने माझ्यासाठी सहावं पातेलं चढवलं असतं." बाईंनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. "तिला असं वाटत असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नाही. इतकी वर्षं मराठी शिकवलं मी."

"शेवटच्या ईदेलापण पाठवला होता तिने."

"आठवतं मला. बदाम जास्त होते. वासाने कळायचं." त्यांनी दुसरी बशी मांडीवर ठेवली. "कसा लागायचा, रशीद?"

"काय, बाई?"

"आईचा शीरखुर्मा. मी फक्त वास घेतलाय. कसा लागायचा ते सांग."

रशीदभाईंनी तोंड उघडलं. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, बारा लूमचा मालक. "गोड," ते म्हणाले. मग, "खारीक असायची त्यात." मग त्यांना पुढे काही बोलताच येईना. ते पायाच्या अंगठ्याकडे बघत उभे राहिले.

"निबंधातही नेहमी इथेच अडकायचास," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला. "ये, बस इथे. सावकाश सांग. मला घाई नाही."